पाठ झालेला तक्ता

मित्रांनो, डॉक्टर तुम्हाला एका डोळ्यावर हात ठेवायला सांगतात आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, ते आठवतं ना? वर एक मोठं अक्षर, खाली लहान, आणखी खाली आणखी लहान. तसल्या तक्त्यांमधला मी एक म्हातारा. माझी नव्वदी उलटून गेली आहे. कोपरे झिजले आहेत, पाठीचं कापड विरलं आहे, पण माझी अक्षरं अजून काळीभोर आहेत.

माझा स्वभाव थोडा मिरवणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कारणही आहे. नकाशाकडे मुलं जांभया देत बघतात, फळ्याकडे धाकानं बघतात. माझ्याकडे मात्र भुवया ताणून, मान पुढे काढून, अगदी जीव ओतून बघतात. इतकं बघणारे मिळाल्यावर कोणाच्याही डोक्यात थोडी हवा जाईलच.

माझा जन्म अमरावतीचा. अंबागेटच्या आत एक रंगारी दुकानांच्या पाट्या रंगवत असे. एके दिवशी डॉक्टर गावंडे फूटपट्टी घेऊन त्याच्या दुकानात आले. ते शाळेच्या मुलांचे डॉक्टर होते. अकोल्याकडच्या खेड्यांत फिरून ते मुलांचे दात, टॉन्सिल, खरूज, डोळे, सगळं तपासत. सरकारी तक्ते इंग्रजी अक्षरांचे आणि आमची मुलं मराठी शिकणारी, म्हणून त्यांनी पदरमोड करून मला बनवून घेतलं. कोणतं अक्षर किती उंच, कुठली रेघ किती जाड, हे त्यांनी मोजून दिलं. रंगाऱ्याला माझ्याभोवती वेलबुट्टी काढायची फार हौस होती. डॉक्टर म्हणाले, "बाप्पा, लग्नाची पत्रिका नाही करायची हाये!" तो बिचारा हिरमुसला. खरं सांगतो, मीही हिरमुसलो.

माझ्या अंगावर सात ओळी आहेत. पहिल्या ओळीत एकटा 'ग', तळहाताएवढा. मग 'ब ल', मग 'म त र', मग 'न क प व', आणि असं करत शेवटच्या ओळीत सात अक्षरं, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ज्याला ती वीस फुटांवरून वाचता येतात, त्याची नजर चांगली.

हे साल असेल एकोणीसशे चौतीस. डॉक्टर एकटे आणि शाळा पन्नास. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. आपण पोचायच्या आधी तक्ता शाळेत पाठवायचा. गुरुजींनी मुलांची नजर तपासायची, ज्यांना कमी दिसतं त्यांची नावं लिहून ठेवायची, म्हणजे डॉक्टरांना त्याच मुलांकडे नीट लक्ष देता येईल. तशी चिठ्ठी लिहून त्यांनी मला शिपाई देवमनच्या हाती दिलं, आणि तेल्हाऱ्याजवळच्या एका गावच्या शाळेत माझी रवानगी झाली.

तिथले गुरुजी नत्थुजी. पन्नाशीचा माणूस, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, आवाज खणखणीत. मुलांवर त्यांचा फार जीव होता. आजारी मुलाच्या घरी ते स्वतः जाऊन बसत. पण 'तपासणी' हा शब्द ऐकला की त्यांची झोप उडे. डेप्युटीसाहेब तपासणीला येणार म्हटलं की भिंती लिंपल्या जात, टोप्या धुतल्या जात आणि कविता अशा पाठ करून घेतल्या जात की मुलं स्वप्नातही बडबडत. वीस वर्षांत त्यांच्या शाळेला एकाही तपासणीत नाव ठेवलं गेलं नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही नेमका 'तपासणी' हाच शब्द होता.

नत्थुजींनी चिठ्ठी एकदा वाचली, मला एकदा बघितलं, आणि त्यांना सगळं उमगलं, म्हणजे उमगलं असं त्यांना वाटलं. तक्ता आधी पाठवला आहे, आठ दिवसांनी साहेब येऊन त्यावरच विचारणार आहेत. मग हा तर धडाच झाला!

"पोट्टेहो," ते म्हणाले, "हा तक्ता घोकून टाका. साहेबाच्या म्होरं मधात थांबाचं नाही. काही झालं तरी थांबाचं नाही. थांबलं का गडबडलं!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून पाढ्यांच्या चालीवर मी गाऊ लागलो, म्हणजे मुलं मला गाऊ लागली. 'ग! ब ल! म त र! न क प व!' सकाळी पाढे, मग मी, मग प्रार्थना. गल्लीत विटीदांडू खेळतानाही मीच. माझी तर छाती फुगली. मोठमोठ्या कवींच्या कवितांना मिळाला नसेल एवढा मान मला मिळत होता. त्या मानात काय खोट आहे, हे मला तरी कुठे कळत होतं!

सगळ्यांत आधी मी पाठ झालो तो भागीरथाला. दहा वर्षांची, सडसडीत, दोन घट्ट वेण्या घालणारी मुलगी. कानावर एकदा पडलं की ते तिच्या डोक्यात पक्कं बसे. पाढे, कविता, श्लोक, सगळ्यांत ती पुढे. पण फळ्यावरचं गणित उतरवायला सांगितलं की तिचं हमखास चुके. गुरुजी म्हणत, "एवढी हुशार पोट्टी, पन लक्ष कुठं असते इचं?" आदल्या वर्षी ती गणितात नापास होऊन चौथीतच राहिली होती.

तिचे वडील सूर्यभान कोरडवाहू शेती करत. त्यांनी गुरुजींना माझ्यासमोरच बजावलं होतं. "यंदा पास झाली तं ठीक हाये, गुरुजी. नाही झाली तं दिवाळीच्या वेचणीपासून घरी ठेवतो. एकाच वर्गात किती वर्सं बसवू?" माणूस वाईट नव्हता. कापूस वेचायला हात लागत होते, आणि मुलीचा शाळेत काही उजेड पडत नाही असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. दाराशी उभी राहून भागीरथा हे ऐकत होती. त्या दिवसापासून ती दुप्पट जोरानं घोकू लागली.

डॉक्टर आले त्या दिवशी शाळा नुसती चकाकत होती. ओसरीची भिंत नव्यानं लिंपून वर चुना मारला होता. देवमननं त्याच भिंतीत खिळा ठोकून मला टांगलं, वीस फुटांची दोरी पसरली, आणि तपासणी सुरू झाली.

एकेक मूल दोरीच्या टोकाशी उभं राही आणि श्वासही न घेता मला म्हणून टाकी. डॉक्टर आधी खूश झाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते देवमनला हळूच म्हणाले, "शेवटच्या ओळीत 'घ' हाये. सारे पोट्टे 'ध' म्हणून राहिले. सगळ्यायची चूक एकच कशी रे?" तेवढ्यात भागीरथाची पाळी आली.

तिनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि सुरुवात केली. "ग! ब ल!" ती तिसऱ्या ओळीवर आली आणि माझ्या पाठीमागे काहीतरी सरकलं. लिंपण ओलं होतं, मित्रांनो. खिळा सुटला, आणि मी धाडकन खाली येऊन तोंडघशी पडलो.

भागीरथानं आवाज ऐकला. क्षणभर ती दचकली. पण काही झालं तरी मधात थांबायचं नाही, असं गुरुजींनी सांगितलं होतं. तेव्हा ती थांबली नाही. "म त र! न क प व!" समोर फक्त पांढरी भिंत, मी जमिनीवर धूळ खातोय, आणि मुलगी ठसक्यात पाचवी ओळ, सहावी ओळ, सातवी ओळ म्हणून मोकळी झाली.

"शाबास!" नत्थुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

बंडू नावाचा एक मुलगा ओरडला, "अरे, तक्ता तं खाली पडला!" आणि सगळी शाळा हसत सुटली. फक्त डॉक्टर हसले नाहीत. ते उठून भागीरथापाशी आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काय वाचून राहिली होती, पोरी?"

"तक्ता जी."

"कुठं हाये तक्ता?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. "थो काय तिथं."

"तिथं काय दिसते तुले?"

"भिंत दिसते. पांढरी."

"अन् आधी? देवमननं तक्ता लटकवला तवा?"

"तवाबी पांढरंच दिसे. मधात जरासं मळकट."

मळकट! अमरावतीच्या रंगाऱ्यानं दोन दिवस खपून काढलेली माझी अक्षरं, आणि ही म्हणते मळकट! मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पण दुसऱ्याच क्षणी तो राग विरघळला. आठ दिवस ही मुलगी रोज माझ्यासमोर उभी राहून मला गात होती, आणि तिनं मला एकदाही पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस ज्या मानावर मी फुगलो होतो, त्याची मला लाज वाटली.

"मंग सांगितलं काहून नाही, दिसत नाही म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोनं इचारलंच नाही," भागीरथा म्हणाली. "म्हन म्हनलं, म्या म्हनलं."

डॉक्टर गुरुजींकडे वळले. "नत्थुजी, हे काय करून ठेवलं?"

"साहेब, धडा समजून पाठ करून घेतला," नत्थुजी पुटपुटले. "माह्या शाळेचा एकही पोट्टा तुमच्या तपासणीत नापास होऊ नये म्हणून..."

"अहो, जो नापास होते त्याच्याचसाठी तं मी येतो!"

नत्थुजींचा चेहरा पार उतरला. डॉक्टरांनाही मग ते बघवेना. त्यांनी मला उचललं, माझी धूळ झटकली, देवमनला दोन्ही हातांनी धरून उभं राहायला सांगितलं आणि छडी घेऊन सगळी तपासणी पुन्हा सुरू केली. आता छडी खालून वर, मधूनच, कुठेही फिरे. गाणं बंद पडलं. कोणी अडखळलं, कोणी डोळे बारीक केले. आणखी दोन मुलांची नजर कमी निघाली. ती दोघं तर आतापर्यंत शाबासकी घेऊन बसली होती.

शेवटी डॉक्टरांनी पेटीतून नमुन्याच्या काचा काढल्या आणि एकेक भागीरथाच्या डोळ्यांसमोर धरत गेले. चौथ्या की पाचव्या जोडीला ती पुढे वाकून बघू लागली. चाल नाही, घाई नाही, एकेक अक्षर सुटं करून तिनं मला वाचलं. माझ्या आयुष्यात मला इतकं निवांत कोणी वाचलं नव्हतं. शेवटच्या ओळीवर येऊन ती थबकली.

"गुरुजी, तुमी इथं 'ध' शिकवला. इथं तं 'घ' हाये."

नत्थुजी पुढे आले. आणखी पुढे आले. त्यांचं नाक मला टेकायचंच बाकी राहिलं. मग म्हणाले, "घच हाये की व्हो!"

"नत्थुजी," डॉक्टर आता मात्र मिश्या दाबून हसत होते, "या, तुमी बी उभे राहा दोरीपाशी." आणि त्या दिवशी नजर कमी निघालेल्या लोकांच्या यादीत चौथं नाव खुद्द गुरुजींचं लागलं.

डॉक्टर जाताना अकोल्याच्या चष्मेवाल्यासाठी चिठ्ठ्या देऊन गेले आणि बाकीच्या शाळांसाठी दुसरा तक्ता रंगवून घेतो म्हणत मला शाळेतच ठेवून गेले. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर नत्थुजींनी कपाटातून गेल्या वर्षीचे परीक्षेचे पेपर काढले. भागीरथाचा पेपर त्यांनी डोळ्यांशी धरून तपासला. फळ्यावरच्या नवाचा तिनं एक केला होता, पाचाचा सहा केला होता. पण तिनं उतरवून घेतलेल्या आकड्यांच्या बेरजा, वजाबाक्या, गुणाकार, सगळं बिनचूक होतं. नत्थुजी बराच वेळ तो कागद मांडीवर घेऊन बसले. एकदा त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. मी भिंतीवर होतो, पण माझ्यापाशी त्यांना धीर देण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान शाळेत आले ते तडकूनच. "चष्मा? पोरीच्या जातीले? गावात चष्मा घालते कोन, सांगा. सारे पोट्टे चिडवतीन. उद्या सोयरे पाहाले आले तं काय म्हनतीन?"

नत्थुजींनी त्यांना आपल्या सतरंजीवर बसवलं. "सूर्यभानजी, आधी माहं ऐका. पोरीची गणितं बरोबर होती. तिले फळा दिसत नव्हता, अन् मी तिले नापास केलं. चूक माही हाये." गावचा गुरुजी असं बोलतो हे ऐकून सूर्यभान गोंधळलेच. नत्थुजी पुढे म्हणाले, "अन् चष्मा मलेबी लागला. मी घालीन, ती बी घालीन. ज्याले हासाचं हाये, त्यानं आधी मले हासावं."

सूर्यभाननी थोडा वेळ मिशी कुरवाळली. मग त्यांनाच हसू आलं. "गुरुजीले हासाची कोनाची छाती हाये बाप्पा!"

आठवड्यानं दमणी जुंपली गेली. तेल्हाऱ्यापर्यंत बैल आणि पुढे मोटार, असं करून सूर्यभान, भागीरथा आणि नत्थुजी अकोल्याला गेले. पंधरा दिवसांनी दोघांचे चष्मे आले. गोल काचा, तारेच्या काड्या. गुरुजी आणि शिष्या दोघं एकदम वर्गात शिरले तेव्हा मुलांची हसू दाबताना कोण तारांबळ उडाली! बंडूनं तर तोंडात टोपी कोंबली. पण हसलं कोणी नाही. उलट चार दिवसांनी बंडूच घरी जाऊन रडत होता, आपली नजर चांगली का म्हणून.

एप्रिलात चौथीची परीक्षा घ्यायला या खेपेला डेप्युटीसाहेब स्वतः आले. त्यांनी फळ्यावर गणितं लिहिली. दार उघडं होतं, ऊन सरळ फळ्यावर येत होतं आणि फळा आरशासारखा चमकत होता. मुलं डोळे मिचकावत गप्प बसली. तपासणीत मध्ये बोलायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक. भागीरथा उठून उभी राहिली.

"साहेब, फळा चमकून राहिला. मले दिसत नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं. लगेच मागून तीन-चार आवाज आले, "आमालेबी दिसत नव्हतं जी!" त्या वर्षी भागीरथा पास झाली. गणितात तर ती पहिली आली.

त्यानंतर मी त्या भिंतीवर खूप वर्षं काढली. नत्थुजी दर वर्षी मुलांची नजर स्वतः तपासत, आणि मला कोणी पाठ करू नये म्हणून एरवी माझ्यावर कापड टाकून ठेवत. पुढे नवे गुरुजी आले, नवी इमारत झाली, आणि मी नकाशांच्या गुंडाळ्यांमागे कपाटात जाऊन पडलो. तिथं कागद-कापड कुरतडणाऱ्या कसरीशी माझी फार जवळून ओळख झाली, ती न झाली असती तर बरं झालं असतं. मागच्या वर्षी शाळेतल्या दीपमाला मॅडमनी कपाट आवरताना मला बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि वऱ्हांड्यात टांगलं. आता तपासणीचं पथक गाडीनं येतं. त्यांच्याकडे यंत्र आहे, तरुण डॉक्टर आहेत. मला जरा हेवा वाटतो, पण जरासाच.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं आता काय राहिलंय! डोळे जपा. आणि तपासणीच्या रांगेत पुढच्याला मागून अक्षरं सांगू नका. ती मदत नव्हे. दिसत नसेल तर खुशाल मोठ्यानं सांगा, दिसत नाही. त्यात लाजायचं काही नाही. आणि मोठ्यांनो, मूल चुकलं की रागावण्याआधी एकदा विचारा, बाळा, तुला दिसतंय ना?

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम मागे ठेवली होती. भागीरथाचा निकाल लागला, त्या दुपारी सूर्यभान शाळेत आले. गुरुजी जेवायला गेले होते. वर्गात बापलेक दोघंच, आणि मी. सूर्यभान लेकीला म्हणाले, "मले बी उभं कर त्या दोरीपाशी. पाहू दे, माहे डोये कसे हायेत."

तिनं दोरी पसरली. सूर्यभान टोकाशी उभे राहिले, एका डोळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"दिसते का, बाबा?"

"सारं दिसते. वरचं दिसते, खालची बारकी ओळ दिसते. एकेक रेघ साफ दिसते."

"मंग वाचा ना."

त्यांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. "दिसते, माय. वाचता नाही येत."

भागीरथा हसली नाही. तिनं त्यांचा हात धरून त्यांना माझ्याजवळ आणलं आणि त्यांचं बोट माझ्या पहिल्या ओळीवर ठेवलं. नांगरानं घट्टे पडलेलं ते बोट मला अजून जाणवतं. "हा ग," ती म्हणाली. सूर्यभान हळूच म्हणाले, "ग."

दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी सुरू झाली, तेव्हा भागीरथा पाचवीच्या वर्गात बसली होती आणि सूर्यभान माझ्या चौथ्या ओळीपर्यंत आले होते.